कडक गटिंग

लोणावळ्यात कडक या शब्दाला वाईट अर्थ नाही. चहा कडक हवा, चिक्की कडक हवी, थंडी कडक पडली की हॉटेलवाल्यांचे चेहरे उजळतात. माझं तर पोटच त्या शब्दावर आहे. तुंगार्लीत माझी लाँड्री आहे; यशोधराची लाँड्री म्हटलं की कुणीही दाखवेल. आसपासच्या हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, वेटरांचे कोट माझ्याकडे येतात आणि खळ घालून, कडक इस्त्री होऊन परत जातात. पलंगावरच्या चादरीवर घडीची रेघ दिसली नाही तर पाहुणा ती धुतलेली मानायलाच तयार नसतो. इतकी वर्षं मी रेघा विकूनच पोट भरलंय म्हणा ना.

माझी मैत्रीण हसिना चिक्की करते. बाजारातल्या दुकानांना तिच्या हातची चिक्की जाते. गुळाचा पाक जरा कच्चा राहिला की चिक्की दाताला चिकटते, म्हणून तीही कडकवालीच. आम्ही दोघी रोज सकाळी तुंगार्लीतल्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळतो, जोडीनं. ती पुढे नेटपाशी, मी मागे. तेव्हा रॅकेटच्या तारा सैल हव्यात की कडक, असा प्रश्न निघाल्यावर आम्ही कुठल्या बाजूला गेलो असू, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न निघाला समीक्षामुळे. ही आमच्या हॉलवर शिकवणारी मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची, बोलायला गोड आणि नजरेला पक्की. तळेगावला पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांची दुहेरीची स्पर्धा होती आणि आमच्या हॉलमधून एकच जोडी जायची होती. ती जोडी म्हणजे आम्हीच, हे मी गृहीत धरून बसले होते. सोमवारी खेळ आटोपल्यावर समीक्षानं मला बाजूला घेतलं.

"काकू, रागावू नका हं," ती म्हणाली.

असं कुणी म्हटलं की मला आधीच राग येतो.

"तुमचा टॉस हल्ली मधेच पडतोय. समोरच्यांना तो आयता मिळतो आणि ते पुढे हसिनाकाकूंच्या अंगावर मारतात. परवा त्यांच्या गालावर बसलं, बघितलंत ना?"

टॉस म्हणजे आपल्या मागच्या रेषेपासून समोरच्यांच्या मागच्या रेषेपर्यंत उंच मारायचा फटका. मागे खेळणारीचं ते रोजचं काम, जसं माझ्या लाँड्रीत चादर उलगडणं. आणि तेच मला जमत नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"हसिनाकाकूंबरोबर स्नेहलताईंना खेळवून बघावं म्हणते. रविवारी सकाळी आधी तुमची दोघींची एक मॅच घेऊ. तोवर तुमचा शॉट मागे जायला लागला तर प्रश्नच नाही. नाहीतर त्यांची नावं पाठवते."

"हसिनाला विचारलंस?"

"विचारलं. त्या म्हणाल्या, यशोला सांग, मग बघू."

बघू! नाही म्हणाली नव्हती, बघू म्हणाली होती. तो शब्द माझ्या डोक्यात दिवसभर घोळत राहिला.

स्नेहल म्हणजे बँकेतली. चपळ, हसरी बाई, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच की ती हसिनाच्या जोडीला उभी राहणार. माझे यजमान गेले त्या वर्षी मी घर आणि लाँड्री सोडून कुठंच जात नव्हते. एक दिवस हसिना दोन निळ्या रॅकेट घेऊन दारात उभी राहिली. दोन्ही सेम टू सेम, दिवाळीला मैत्रिणी एकाच ताग्यातून कापड घेतात तशा. "चल," म्हणाली, "एकटीला खेळता येत नाही." मी म्हटलं, मला येत नाही. ती म्हणाली, मला तरी कुठं येतं. तेव्हापासून माझी सकाळ हसिनापासून सुरू होते. स्पर्धा गेली खड्ड्यात, पण हसिना दुसऱ्या कुणाची जोडीदारीण होणार ही कल्पनाच मला सोसेना.

समीक्षाला मी एवढंच म्हटलं, "ठीक आहे. बघते."

आणि खरंच बघायला लागले. माझा स्वभावच चौकस. चादरीवर डाग राहिला की मुली लगेच साबणाला नावं ठेवतात. मी आधी पाणी बदलून बघते, मग साबण, मग इस्त्री. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चोर सापडतो. टॉसचा चोर कोण? माझा पहिला संशय रॅकेटवर.

हे ऐकून हसिना खो खो हसली. "नाचता येईना अंगण वाकडं!"

"असेलही. पण अंगण वाकडं आहे का, ते मोजून तरी बघू," मी म्हटलं.

मेहबूबभाईंचं दुकान स्टेशनजवळच्या गल्लीत आहे. क्रिकेटच्या बॉलपासून कॅरमच्या पावडरीपर्यंत सगळं तिथं मिळतं, आणि कोपऱ्यात रॅकेटला तारा भरायचं यंत्र आहे. तारा भरण्याला बाजारात सगळे गटिंग म्हणतात. पूर्वी म्हणे जनावराच्या आतड्याची तार असायची, ती गेली आणि नाव तेवढं राहिलं. मेहबूबभाईंनी रॅकेट उलटसुलट करून बघितली.

"ताई, ताण किती देऊ?"

"कडक द्या."

"कडक म्हणजे किती?"

"कडक म्हणजे कडक. त्यात किती काय?"

"अहो, पौंडात सांगायचं असतं. आत्ता चोवीस आहे. सव्वीस करू?"

"करा." माझा हिशेब सरळ होता. कडक तार, कडक फटका.

दुसऱ्या दिवशी रॅकेटचा आवाज काय सुरेख यायला लागला! टण्ण! सगळा हॉल वळून बघायचा. आवाजानं मी एवढी खूश झाले की शटल कुठं पडतंय इकडे माझं लक्षच नव्हतं. ते हसिनानं सांगितलं. "आवाज पुण्यापर्यंत जातोय, शटल खंडाळ्यापर्यंतसुद्धा जात नाही."

मी म्हटलं, अजून कडक करायला हवी. पण दोनदा चुकायचं नाही म्हणून या वेळी आधी प्रयोग केला. माझ्याकडे लोहगडवाडीच्या विठाबाई कामाला आहेत. त्यांना म्हटलं, चादर धरा. दोघींनी चार कोपरे धरून चादर ताणली आणि मी हनुवटीखाली धरलेलं शटल मान हलवून मधोमध टाकलं.

"अवो ताई, ह्ये काय खूळ काढलंया?" विठाबाई म्हणाल्या. "शनवारी गिऱ्हाईक येनार, कपड्याचा ढीग पडलाय हितं, अन् तुमी फुलं उडवताय व्हय?"

"तुम्ही फक्त सांगा, किती उडालं."

"उडालं की. पार माज्या कमरंपातुर."

मग चादर सैल सोडली. शटल तिच्यात खड्डा करून बसलं ते बसलंच.

"आता न्हाई उडालं," विठाबाई म्हणाल्या. "लय ताणली की उडतंय बगा. सैल सोडली का मेलं."

झालं! हातच्या काकणाला आरसा कशाला? मी तडक मेहबूबभाईंकडे गेले आणि अठ्ठावीस करायला सांगितलं. ते म्हणाले, "ताई, एवढ्या ताणानं चौकट मोडली तर मला बोलायचं नाही." मी म्हटलं, नाही बोलणार. त्यांनी केलं. गिऱ्हाईक कडक म्हणतं, आपण कडक करतो, असं म्हणून त्यांनी पुढच्या मुलाला कॅरमच्या सोंगट्या दाखवायला घेतल्या.

बुधवारी शटल आणखी अलीकडे पडलं. आणि माझा हात खांद्यापासून बोटांपर्यंत झिणझिणला. चहाचा कप डाव्या हातानं धरावा लागला. हसिनानं ते बघितलं आणि माझी रॅकेट उचलून पिशवीत घातली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

तारांनी होत नाही, तेव्हा आता रॅकेट बदलून बघायची. गुरुवारी मी हॉलमध्ये सगळ्यांच्या रॅकेट मागून घेतल्या. मागायला मला कसली लाज? प्रत्येक रॅकेट बोटावर आडवी ठेवून ती कुठं तोलते ते बघितलं. काहींचं डोकं जड होतं, त्यांचा तोल टोकाकडे सरकायचा. अशा रॅकेटनं फटका मारला की कुदळ टाकल्यासारखी ती स्वतःच पुढे जाते, पण परत आणताना जिवावर येतं. काहींचं डोकं हलकं, त्या नेटपाशी चटचट फिरायच्या आणि मागून मारायला घेतल्या की नुसतंच वारं घालायच्या. मग दांड्या. काहींची दांडी हातानं वाकवली की लवते, काहींची लवायचं नाव घेत नाही. लवणारी मारताना मागे राहते आणि मग झटका देते, तेवढीच हाताला मदत. इतकी वर्षं मी हे हातात धरून खेळत होते आणि त्यात एवढं काय काय आहे हे मला माहीतच नव्हतं. मी टॉस, रविवार, सगळं विसरले. मला नुसती मजा येत होती.

स्नेहलनंही तिची रॅकेट दिली, हसत. वाईट बाई असती तर सोपं गेलं असतं.

आणि नेमकं तिच्याच रॅकेटनं शटल सगळ्यात लांब गेलं. रेषेपर्यंत नाही, पण माझ्यापेक्षा चांगलं तीन पावलं पुढे. मी रॅकेट बघितली. डोकं थोडं जड, दांडी लवणारी. मग अंगठ्यानं तार दाबली आणि माझा विश्वास बसेना. सैल! माझ्या रॅकेटपुढे तर बाजेसारखी सैल!

समीक्षाला हाक मारली. "हे काय? हिची तार सैल आहे आणि तरी लांब जातंय?"

"तरी नाही काकू, म्हणूनच," ती म्हणाली. "सैल तार शटलला जरा आत घेते आणि मग फेकते. खूप ताणलेली तार म्हणजे फळी. फळीतून तुम्हाला काही परत मिळत नाही, सगळा जोर तुमच्याच हाताचा लागतो. तुम्ही किती करून घेतलीय?"

"अठ्ठावीस."

ती "अगं बाई" म्हणाली. 

"पण मी चादरीवर करून बघितलं होतं," मी म्हटलं आणि तिला सगळं सांगितलं. ती हसून हसून खाली बसली.

"काकू, चादर सैल सोडली की तिची झोळी होते. रॅकेटची तार कितीही सैल केली तरी झोळी नाही होत. ती ताणलेलीच असते, कमी ताणलेली की जास्त एवढाच प्रश्न."

"मग कडक करतात कशाला लोक?"

"कंट्रोलला. शटल नेमकं जिथं हवं तिथं टाकायचं तर तार कडक हवी. पण मग जोर स्वतःचा हवा. दोन्ही एकदम मिळत नाही."

म्हणजे सोमवारपासून मी पैसे देऊन, खांदा दुखवून, दर वेळी आणखी वाईट खेळत होते. आमच्या धंद्यात जे चांगलं ते तिथंही चांगलंच असणार, असं मी धरून चालले होते. मला स्वतःचा संताप आला आणि हसूही आलं. विठाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्या सांगितलं व्हतं का चादर धरा म्हनून?"

शुक्रवारी पुन्हा मेहबूबभाई.

"आता काय ताई? तीस?"

"सैल करा."

"सैल?" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या दुकानदारानं डोकं बाहेर काढलं.

"हळू बोला," मी म्हटलं. खळवाली यशोधरा सैल करून घेते हे गावभर व्हायला नको होतं. त्यांनी एकवीस केलं. शिवाय तार बारीक घातली. बारीक तार जास्त उसळते, पण लवकर तुटते, असं म्हणाले. तुटू दे म्हटलं, रविवारपर्यंत टिकली की झालं.

शनिवारी दुपारी हॉल रिकामा असतो. सुट्टीच्या दिवसात लाँड्री सोडून जाणं म्हणजे पापच, पण मी विठाबाईंवर टाकून गेले. हसिनालाही बोलावलं. तिनं पलीकडून शटल उंच उडवायचं आणि मी मारायचं असं चाललं. आणि गेलं! शटल खरंच लांब गेलं. मागच्या रेषेच्या दोन पावलं अलीकडे पडलं. मी आनंदानं ओरडले. पुढचं उजवीकडे बाहेर गेलं. त्याच्या पुढचं डावीकडे. पुन्हा एक चांगलं, पुन्हा दोन बाहेर. समीक्षा म्हणाली होती तसंच, जोर मिळाला आणि लगाम सुटला. तरी मी खूश होते. मोजून बघितलं, अंगण वाकडंच निघालं होतं.

"हसिना, इकडे ये," मी म्हटलं. "तू मार बघू माझ्या रॅकेटनं. कसं उडतं बघ!"

"मला कुठं मागून येतं मारायला?" ती म्हणाली. ते खरं होतं. ती कायम पुढे, मी कायम मागे. मागून मारायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती, मी येऊ दिली नव्हती.

"अगं मार तरी."

मी पलीकडे जाऊन शटल उडवलं. हसिनानं ओढणी कमरेला खोचली, हात वर नेला आणि मारलं. शटल माझ्या डोक्यावरून गेलं, रेषेवरून गेलं आणि मागच्या भिंतीला लागून खाली पडलं.

"बघितलंस!" मी म्हटलं. "कसली रॅकेट झालीय!"

आणि माझा चौकसपणा मला नडला. मी म्हटलं, "आता तुझ्या रॅकेटनं मार. फरक कळेल."

तिची रॅकेट म्हणजे दुसरी निळी. तार जुनीच, चोवीसची. तिनं मारलं. शटल उंच गेलं, सावकाश वळलं आणि मागच्या रेषेवर पडलं. अलीकडे नाही, पलीकडे नाही. रेषेवर.

मी त्या शटलकडे बघत उभी राहिले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. तार बदलून झाली होती, रॅकेट बदलून झाली होती. हात बदलायचा राहिला होता, तो आत्ता बदलला होता.

"पुन्हा मार," मी म्हटलं.

हसिनानं माझ्याकडे बघितलं. मग मारलं. हे शटल मधेच पडलं. पुन्हा उडवलं, तेही मधेच.

"हवा असेल मघाशी," ती म्हणाली. "खिडकी उघडी आहे. तुझीच रॅकेट भारी आहे."

मी लाँड्रीवाली आहे. कपडा ओला आहे की नुसता गार, हे मला बोटाला कळतं. हसिनानं शेवटच्या क्षणी मनगट आवळलं होतं, ते मी बघितलं होतं. जो हात रोज सकाळी कढईभर पाक घोटतो, तो दोन फटक्यांत थकतो का?

"मुद्दाम मारलंस," मी म्हटलं.

"नाही गं."

"हसिना, माझ्याशी खोटं खेळायचं नाही!"

माझा आवाज रिकाम्या हॉलमध्ये घुमला. ती नेटखालून वाकून माझ्या बाजूला आली. "मग काय करू?" ती म्हणाली. "तू मागे उभी राहतेस ना यशो, तेव्हा तुझा चेहराच वेगळा असतो. ते पहिलं वर्ष आठव तुझं. मला ते हिसकावून घ्यायचं नाहीये. माझं काय, मी कुठंही उभी राहीन."

"मग समीक्षाला 'बघू' का म्हणालीस? सरळ नाही म्हणायचं!"

"नाही म्हटलं असतं तर तिनं त्याच दिवशी स्नेहलला दुसरी कुणी तरी देऊन त्यांची नावं पाठवली असती. बघू म्हटलं की आठवडा मिळतो. तेवढ्यात तू काहीतरी शोधून काढशील असं वाटलं. तू काढतेसच."

काढलं होतं की. जे शोधायचं नव्हतं ते शोधून काढलं होतं.

मी भिंतीपाशी बाकावर बसले. मागे उभं राहिलं की सगळं कोर्ट दिसतं. समोरच्या दोघी, नेट, आपली जोडीदारीण, सगळं. मला सगळं डोळ्यांसमोर लागतं. लाँड्रीतही माझं टेबल मागच्या भिंतीला आहे. यजमान गेल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी ताब्यात आहे असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या मागच्या रेषेवर. ती सोडायची या विचारानं मला रडू आलं. हसिना शेजारी बसली आणि तिनं ओढणीचं टोक माझ्या हातात दिलं. समजूत वगैरे काही घातली नाही, फार बरं केलं.

डोळे पुसून झाल्यावर मी म्हटलं, "उद्या तू मागे."

"आणि तू?"

"मी पुढे. नेटपाशी जोर लागत नाही, नेमकं टाकावं लागतं."

"तुला जमेल?"

"मला काय विचारतेस? चल, बाजार बंद व्हायच्या आत मेहबूबभाईंना गाठायचंय."

मेहबूबभाईंनी मला लांबूनच बघितलं आणि हात जोडले. "ताई, आता काय करू? सैल का कडक?"

"कडक," मी म्हटलं. "आणि या वेळी मला माहीत आहे कशाला." हसिनाच्या रॅकेटला हात लावू नका, असंही बजावलं.

रविवारी समोर समीक्षा आणि स्नेहल. आम्ही जागा बदललेल्या बघून समीक्षाच्या भुवया वर गेल्या.

सुरुवात भिकार झाली. माझं डोकं पुढे आणि पाय मागे. शटल डोक्यावरून गेलं रे गेलं की मी वळून पळायची. एकदा हसिनाला धडकले. एकदा दोघींच्या रॅकेट एकमेकींवर आपटल्या आणि शटल मधोमध निवांत पडलं. समीक्षानं ओठ दाबले. ते हसू होतं की कीव ते मला कळलं नाही, आणि दोन्हीचा मला रागच आला.

पुढे उभं राहिलं की पाठीमागचं काही दिसत नाही. वळून बघायचीही सोय नाही, कारण वळलं की तोंडावर बसतं. मग मी समोर बघायला लागले, दुसरं करण्यासारखं नव्हतंच. आणि समोर एवढं काय काय होतं! मागून स्नेहल मला नुसती हलताना दिसली असती. इथून तिचा चेहरा दिसत होता. हळूच टाकायचं असलं की ती खालचा ओठ चावते. जोरात मारायचं असलं की डोळे बारीक करते. हे कळल्यावर मी तिचा ओठ बघून पुढे सरकले, रॅकेट नुसती धरली आणि शटल नेटच्या पट्टीवरून पलीकडे टपकन पडलं. नेमकं, मला हवं तिथं. पुन्हा एकदा केलं. पुन्हा पडलं. मला एकदम लहान मुलीसारखं हसू यायला लागलं.

मग समीक्षानं ते ओळखलं आणि शटल माझ्या डोक्यावरून उंच मागे टाकलं. दुहेरीत असं शटल आलं की जी घेणार तिनं "माझं" म्हणून ओरडायचं असतं, म्हणजे दोघी धडकत नाहीत. आमच्यात ते ओरडायचं काम माझं. शटल कुठंही असो, ओरडायची मीच. माझा पाय वळला, तोंड उघडलं.

"माझं!" मागून हसिना ओरडली.

इतक्या वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. माझं तोंड तसंच राहिलं, पाय जागेवर थांबले. मागे रॅकेटचा आवाज झाला आणि शटल पुन्हा डोक्यावरून पलीकडे गेलं. स्नेहल मागे पळाली, पळत राहिली आणि शेवटी रॅकेट खाली सोडून रेषेवर पडलेल्या शटलकडे बघत उभी राहिली. तिनं स्वतःच टाळी वाजवली.

समीक्षानं नेटखालून शटल माझ्याकडे सरकवलं. "काकू, तुमचीच नावं पाठवते," ती म्हणाली. "दोघींची. पण अशाच उभ्या राहणार असाल तर."

मी मागे वळून बघितलं. हसिना माझ्या जागेवर उभी होती, केस कपाळाला चिकटलेले, श्वास लागलेला, आणि सगळं कोर्ट नजरेत घेत होती. मला तिचा हेवा वाटला. तिच्यावरून जीव ओवाळून टाकावासाही वाटला. दोन्ही एकदमच वाटलं, त्याला मी काय करू?

"बघत काय उभी राहिलीस?" ती माझ्यावर ओरडली. "गेम संपलेली नाही. पुढे बघ!"

मी मुकाट्यानं पुढे बघितलं.